जावई, गोलकीपर आणि लीगचं पहिलं वर्ष

मलकापूरच्या जिनिंगच्या फुटबॉल संघात मी गोलकीपर झालो तो पानकोबीमुळे. कॉलेजात कुणाला हे सांगितलं तर हसतात, म्हणून मी सांगत नाही. पण झालं तसंच.

वडिलांची नळगंगेकाठी भाजीची वाडी आहे. हिवाळ्यात बैलबंडीभर पानकोबी घेऊन आम्ही निघायचो आणि उजाडता उजाडता मलकापूरच्या बाजारात पोचायचो. वडील बंडीवर उभे राहून एकेक गड्डा फेकायचे, मी खाली झेलून रास लावायचो. गड्डा जमिनीवर आपटला की आतून तडकतो, मग दुपारपर्यंत त्याला कोणी विचारत नाही. म्हणून तो पाडायचा नाही, हे मला लहानपणापासून माहीत. फेकताना वडील माझ्याकडे बघतही नसत. बाजारातल्या कुणाशी तरी बोलत बोलत मागच्या मागे भिरकावत. गड्डा जिकडे येईल तिकडे मी पळायचो.

एका सकाळी बाजूला एक उंच, डोळ्यांत सुरमा घातलेला माणूस उभा राहून हे बघत होता. बंडी रिकामी होईपर्यंत हलला नाही. मग वडिलांना म्हणाला, "चाचा, ये लडका हमको दे दो."

"कायले?" वडील म्हणाले. "पोट्टा कॉलेजात जाते."

"कॉलेज भी जाएगा. शाम को गोल में खडा रहेगा बस. पगार मिलेगा."

"नुसतं उभं राहाचा पगार?"

"नुसताच नाही," तो आता मोडक्या मराठीत म्हणाला, "गोबी झेलते तसा बॉल झेलाचा."

वडिलांनी थोडा विचार केला. "अन् पडला त?"

"गिरा तो हम सब मरे," तो माणूस म्हणाला आणि हसला.

तो आमचा उस्ताद. कामठीचा. तिकडे म्हणे गल्लीगल्लीत फुटबॉल खेळतात. जिनिंगचे मालक, आमचे शेठ, यांच्या थोरल्या मुलाला नागपूरला शिकताना या खेळाचं वेड लागलं होतं. त्यानं उस्तादला मुद्दाम आणून संघ उभा केला होता. उस्ताद आम्हाला शिकवायचाही आणि स्वतः पुढे खेळायचाही. कारखान्याचं काम म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी काढायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या. संघातले सगळे त्या कारखान्याच्या पगारावर होते. दुपारपर्यंत काम (माझं तेवढं कॉलेज), दुपारनंतर खेळ. पगार मात्र पूर्ण दिवसाचा. हौसेखातर खेळणारा आमच्यात कोणी नव्हता, आणि गावातले लोक आम्हाला हसायचे ते याचसाठी. हमाल म्हणायचे, "आमी गाठी उचलतो, हे लाता मारतात, अन् शेठ दोघाईलेही सारखाच पैसा देते."

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. काहीतरी नवं काढायचं असं जिकडेतिकडे चाललेलं होतं. रेल्वेच्या काठावरच्या गावांनी मिळून त्या साली एक लीग काढली. भुसावळपासून बडनेऱ्यापर्यंत जिथे जिथे गिरणी, वर्कशॉप किंवा जिनिंग होती, तिथले पगारी संघ त्यात आले. आम्ही सगळ्यांत नवखे. लीगचा एक नियम होता, तो उस्तादनं पहिल्याच दिवशी आम्हाला उभं करून सांगितला. जो संघ सगळ्यांत खाली राहील तो पुढच्या वर्षी बाहेर. शेठनं त्यावर आपला नियम घातला होता. लीगबाहेर गेलो तर संघ बंद. उस्ताद कामठीला परत, बाकीचे सगळे पूर्ण दिवस गाठींवर. माझं कॉलेज त्या पगारावर चालत होतं. माझ्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कॉलेज सुटलं तर काय होईल हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता भाऊजींविषयी सांगायला पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्यांच्याभोवतीच आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्याच कारखान्यात प्रेसवर मुकादम. गाठ बांधताना लोखंडी पट्टी ताणायला दोन माणसं लागत, ती ते एकटे ताणत. संघात ते फुलबॅक, म्हणजे माझ्या अगदी पुढे उभे राहणारे. वयानं संघात सगळ्यांत मोठे. गुडघा दुखायचा, पण ते कुणाला सांगत नसत. त्याला लावायचं तेल ताई चुलीवर गरम करायची, म्हणून मला माहीत. खेळायला ही एक-दोन वर्षं मिळाली तर मिळाली, असं ते तिला म्हणाले होते.

मी त्यांच्याच घरी राहायचो. आमच्या घरात जावयाचा मान फार. भाऊजी आले की माझे वडील, वयानं एवढे मोठे, बाजेवरून उठून उभे राहतात. त्यांच्या ताटात आधी वाढतात. त्यांच्यापुढे मी कधी मोठ्यानं बोललो नव्हतो. आणि गोलकीपरला तर पुढच्या माणसावर ओरडावं लागतं. मागून मैदान फक्त त्यालाच दिसतं. सोड, मी येतो आहे, मार, लांब मार, डावीकडे बघ. हे त्यानं क्षणात आणि हुकुमानं सांगायचं असतं.

पहिला सामना भुसावळला होता. रेल्वेचं गाव, गवताचं मैदान, खरीखुरी जाळी लावलेले गोल. आम्ही घरी गाठींचं बारदान शिवून त्याची जाळी केली होती, त्यामुळे आम्ही आधी त्या जाळीकडेच बघत राहिलो. बराच वेळ ठीक चाललं. मग एक चेंडू उंच उडून माझ्या आणि भाऊजींच्या मधोमध यायला लागला. तो माझा होता. मला दिसत होतं की तो माझा आहे. भाऊजी मागे मागे येत होते.

मी म्हणालो, "भाऊजी, मी घेऊ का?"

भाऊजी वळून म्हणाले, "काय म्हंते?"

तेवढ्यात भुसावळच्या एका माणसानं आमच्या दोघांच्या मधून डोकं घालून चेंडू जाळीत घातला.

येताना पॅसेंजरमध्ये आमचा लेफ्ट-आउट, जो सरकीच्या गोदामात होता, माझ्या शेजारी येऊन बसला. "पुढच्या वेळी जवाईबुवाले अर्ज लिहून देत जा," तो म्हणाला. "विनंती विशेष. चेंडू येऊन राह्यला आहे, तरी आपण कृपा करून सरकावं."

सगळा डबा हसला. भाऊजी खिडकीबाहेर बघत राहिले. ते हसले नाहीत, पण रागावलेही नव्हते. "पोट्टं लाजते," एवढंच म्हणाले. मला ते ऐकून जास्तच लाज वाटली.

पुढचा सामनाही आम्ही तसाच हरलो. उस्तादनं मला रोज संध्याकाळी मैदानाच्या एका टोकाला उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला गेला. "चिल्ला!" तो तिकडून म्हणायचा. "मुँह में दही जमा है क्या? चिल्ला!" मी त्याच्यावर ओरडायचो. त्याच्यावर ओरडता येत होतं. लेफ्ट-आउटवर तर फारच छान ओरडता येत होतं. भाऊजी दिसले की "घेऊ का" एवढंच तोंडातून यायचं.

मग नांदुऱ्याचा सामना झाला. नांदुरा जवळ, म्हणून भाऊजींच्या गावचे चार-पाच जण मुद्दाम बघायला आले होते, त्यात त्यांचे चुलते. शेवटाकडे तसाच एक चेंडू आला. उस्तादचा आवाज माझ्या कानात होता. मी डोळे मिटले आणि ओरडलो, "हट बे!"

भाऊजी हटले. मी चेंडू धरला. आम्ही तो सामना बरोबरीत सोडवला आणि लीगमधला पहिला गुण आमच्या नावावर लागला. उस्तादनं मला उचलून घेतलं. पण मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. भाऊजींचे चुलते धोतराचा सोगा हातात धरून उभे होते, आणि म्हणत होते, "साळा जवाईले हट बे म्हंते? असं हाय का तुह्या सासरवाडीत?"

भाऊजी त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, दुपारनंतर मैदानावर आले नाहीत. उस्तादनं विचारलं तर म्हणाले, गुडघा. घरी माझ्याशी बोलायचं त्यांनी सोडलं. मी आत आलो की ते बाहेर जायचे. मी बाहेर बसलो की आत. घर दोन खोल्यांचं, त्यामुळे दोघांचीही सतत वरात चाललेली.

निरोप वाडीवर पोचला. वडील डोक्याला पांढरा स्वच्छ फेटा बांधून आले. बंडीत वांगी, पानकोबी, एक मोठं काशीफळ. दारातूनच हात जोडले.

"जवाईबापू, पोरगं चुकलं. लेकरू समजून सोडून द्या."

"तुमी कायले हात जोडता मामाजी," भाऊजी उठून उभे राहिले. "बसा. मी काई रागावलो नाही."

"मंग खेळाले काऊन नाही जाऊन राह्यले?"

"गुडघा."

वडील माझ्याकडे वळले. "काऊन बे? कॉलेजात हेच शिकवतात? जवाईले बैलासारखं हट म्हंतेस?"

मी म्हणालो, "बाबा, तिथं तसं म्हणावंच लागते. नाही म्हटलं तर गोल होते."

"होऊ दे मंग!" वडील म्हणाले. "गोल मोठा का जवाई मोठा?"

भाऊजी खाली बघत होते. मला एकदम कळलं की त्यांनाही मैदानावर यायचंच होतं. पण रुसलेला जावई आपण होऊन उठून कसा येणार? कोणीतरी वाट काढून द्यायला पाहिजे होती.

ती ताईनं काढली. ती चुलीपाशी होती, भाकरी थापत. कुणाकडेही न बघता, तव्याशी बोलल्यासारखं नवऱ्याविषयी बोलली.

"मी लग्न होऊन इतकी वर्सं या घरात हावो. यायचं नाव घेतलं का कधी? हाक मारली का? नाही. मंग यायले बलवाचं असन त मी काय करतो?" तिनं उलथनं तव्यावर दोनदा वाजवलं. "हे वाजवतो. यायले समजते जेवाले बसा. गडवा आपटला, पाणी आणा. बांगड्या वाजवल्या, कोणी आलं. सगळं घर चालते. कोणाचा अपमान नाही होत."

वडील म्हणाले, "मंग गोलमंधी तवा नेऊन ठेवू का?"

"तवा कायले?" ताई म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माळ्यावर उभा राहून पाखरं हाकलताना अख्खं शिवार डोक्यावर घेत होता तू. नदीपल्याडचे पाखरं उडत. जवाईले नको म्हणू. पाखरालेच म्हण. यायले ऐकू येते तं येऊ दे."

ज्वारी हुरड्यात आली की वाडीच्या पलीकडच्या वावरात आम्ही दोघं माळ्यावर, म्हणजे उंच मचाणावर, बसायचो, मी आणि ती. पाखरांचा थवा उतरायला लागला की "होऽऽऽ" अशी लांब हाक, आणि उतरलाच तर "हुर्रऽऽ हुर्रऽऽ" करून गोफण. मी भाऊजींकडे बघितलं. भाऊजी छपराकडे बघत होते.

"पाखरं त असतात तिथं," ते म्हणाले. "मैदानावर. सरकीचे दाणे टिपाले येतात."

"येतात ना," मी म्हणालो.

"मंग हाकलावंच लागन कोणाले तरी," ते म्हणाले.

ताईनं उलथनं वाजवलं. आम्ही सगळे जेवायला बसलो. ताट आधी भाऊजींना वाढलं.

"होऽऽऽ" म्हणजे सोडा, मी येतो. "हुर्रऽऽ" म्हणजे लांब मारा. एवढं ठरलं. उस्तादला समजावून सांगितलं तेव्हा त्यानं दोन्ही हाका स्वतः करून बघितल्या. "कामठी में ऐसा कोई नहीं करता," तो म्हणाला. मग म्हणाला, "करके देखो."

आणि आम्ही जिंकायला लागलो! माझा आवाज मोकळा झाला. मी एखाद्या माणसाला हुकूम करत नव्हतो. मी वावरात होतो. चेंडू आकाशात आला की थवा उतरतो आहे असं वाटायचं आणि हाक आपोआप निघायची. भाऊजी ती ऐकून मागे न बघता बाजूला व्हायचे, किंवा असा टोला मारायचे की चेंडू थेट उस्तादच्या पायाशी. अकोल्याला आम्ही जिंकलो. तिथले लोक माझ्या हाकेची नक्कल करत आमच्यामागे स्टेशनापर्यंत आले. त्यानंतर बडनेऱ्याला बरोबरी. हमाल आता आम्हाला हसेनासे झाले. सामन्याच्या आदल्या दिवशी ते मैदानावरच्या काळ्या मातीच्या भेगा स्वतः बुजवायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटचा सामना आमच्या घरी होता आणि भुसावळशी होता. भुसावळ सगळ्यांत वर. सुरुवातीच्या हारींमुळे आम्ही अजून सगळ्यांत खाली, आमच्या वरच्या संघापेक्षा एका गुणानं मागे, आणि त्या संघाचे सगळे सामने संपून गेलेले. आम्ही जिंकलो तर लीगमध्ये राहणार. बरोबरी झाली तर गुण सारखे होऊनही बाहेर, कारण आमच्यावर गोल जास्त झालेले होते.

ऐन हंगाम होता. कपाशीच्या बंड्यांची रांग कारखान्याच्या फाटकापासून लागून मैदानाला सगळीकडून वेढा घालून उभी होती. मोताळ्याकडच्या, जळगाव जामोदकडच्या, कुठकुठच्या बंड्या. आपला नंबर लागेपर्यंत माणसांना काही काम नाही. बैल सोडून चाकांना बांधलेले, कडबा खात. माणसं बंडीतल्या कपाशीवर मऊ गादीवर बसावं तशी बसलेली. भुसावळचे खेळाडू ते बघून एकमेकांना काहीतरी म्हणाले. असे प्रेक्षक त्यांनी पाहिले नसावेत. हवेत रुईचे तंतू तरंगत होते, कुणाच्याही भुवयांवर बसत होते. शेठ खुर्ची टाकून बसले होते. माझे वडील आमच्या गोलच्या मागे पानकोबीच्या रिकाम्या बंडीवर उभे होते. ताई आली नव्हती. बायका अशा ठिकाणी येत नाहीत.

पहिला अर्धा भाग भुसावळनं आम्हाला नुसतं दाबून धरलं. पण आमची हाक चालत होती. मी "हुर्रऽऽ" केलं की भाऊजींचा टोला. मी "होऽऽऽ" केलं की भाऊजी बाजूला आणि चेंडू माझ्या छातीशी. गोल नाही.

आम्हाला एक गोष्ट सुचलीच नव्हती, आणि ती कुणालाही सुचायला पाहिजे होती. अकोला, बडनेरा इथल्या रेल्वे-गिरण्यांतल्या लोकांना ती हाक नवी होती. इथे बंड्यांवर बसलेल्या प्रत्येक माणसानं तीच हाक देत लहानपण काढलं होतं.

मध्यंतरानंतर त्यांना कळलं. माझी हाक गेली आणि डावीकडच्या बंडीवरून एका म्हाताऱ्यानं तिला साथ दिली. त्याला फार आनंद झाला असावा. मग पुढची बंडी. मग सगळं मैदान. "होऽऽऽ! हुर्रऽऽ हुर्रऽऽ!" आम्हाला मदत करायची म्हणून ते ओरडत होते. आपला पोट्टा, आपली हाक. लिंबाच्या झाडावरचे कावळे, कारखान्याच्या पत्र्यावरची कबुतरं, सगळं आकाशात उडालं. बैलांनी माना वर केल्या. वडील बंडीवरून हात हलवून हलवून ओरडत होते, आणि त्यांना माझ्या हाकेचा अर्थ चांगला माहीत होता, तरी ओरडत होते.

भाऊजींनी एकदा माझ्याकडे वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना काहीच ऐकू येत नाही. म्हणजे सगळं ऐकू येत होतं, पण त्यातलं माझं कोणतं, ते कळत नव्हतं. एकदा मी "होऽऽऽ" म्हणालो आणि त्यांनी टोला मारला, तो चेंडू माझ्या कानाजवळून गेला. एकदा "हुर्रऽऽ" म्हणालो आणि ते बाजूला झाले. तेव्हा चेंडू खांबाला लागला, म्हणून वाचलो. उस्ताद तिकडून हात जोडून बंड्यांना गप्प बसायला सांगत होता. ते आणखी जोरात ओरडायला लागले. त्यांना वाटलं तो शाबासकी देतो आहे.

आणि मग तो चेंडू आला. भुसावळला पहिल्या सामन्यात आला होता, अगदी तसाच. उंच, उन्हात, हळू. भाऊजी मागे मागे सरकत होते, त्यांची नजर वर, पाठ माझ्याकडे. भुसावळचा तोच माणूस डोकं घालायला पळत येत होता. चेंडू माझा होता. चारी बाजूंनी "होऽऽऽ" आणि "हुर्रऽऽ" एकत्र चाललं होतं.

मी त्यांचं नाव घेतलं.

नुसतं नाव. पुढे भाऊजी नाही, मागे राव नाही. माळ्यावरून नदीपल्याड जाईल अशा आवाजात. ते नाव मी इथे लिहीत नाही. घेतलं तेव्हा घेतलं.

त्या सगळ्या गोंधळात ती एकच गोष्ट वेगळी होती. भाऊजी जागच्या जागी खाली बसले, म्हणजे कोणी खांद्यावर हात ठेवून बसवावं तसे. मी त्यांच्यावरून उडी मारली आणि भुसावळच्या माणसाच्या कपाळासमोरून चेंडू काढला. पडलो तो उठलो. उस्ताद मैदानाच्या मधोमध एकटा उभा होता, कारण भुसावळचे सगळे गोल होणार म्हणून आमच्याकडे आले होते. मला लाथ मारायला वेळ नव्हता. वडील बंडीवरून फेकायचे तसा मी चेंडू फेकला, एका हातानं, खांद्यावरून.

उस्ताद तो पायावर घेऊन पळाला. त्याच्यापुढे त्यांचा गोलकीपर एवढाच. उस्तादनं त्याला डावीकडे हूल दिली आणि उजवीकडून चेंडू बारदानात घातला.

त्यानंतर काय झालं ते मला सलग आठवत नाही. माणसं बंड्यांवरून उड्या टाकत होती. कुणी मूठमूठ कपाशी आमच्यावर उधळली, शेठ खुर्चीवरून उठून "अरे माल, अरे माल" म्हणत होते आणि हसत होते. उरलेला थोडा वेळ खेळायला मैदान मोकळं करावं लागलं. तो वेळ भाऊजींनी एकट्यानं काढला. जे आलं ते त्यांनी स्टेशनाच्या दिशेनं मारलं. शिट्टी झाली. आम्ही लीगमध्ये राहिलो!

लेफ्ट-आउट माझ्या गळ्यात पडला. "अर्ज नाही लिहिला का आज?" तो ओरडत होता. "डायरेक्ट नाव बे! डायरेक्ट!"

तेव्हा मला वडील दिसले. गर्दीतून येत होते, फेटा सुटलेला. चेहरा पडलेला. ते माझ्याकडे न येता सरळ भाऊजींकडे गेले. भाऊजी जमिनीवर बसून गुडघा चोळत होते.

"जवाईबापू," वडील म्हणाले, आणि हात जोडायला लागले. "सगळ्या गावासमोर..."

भाऊजींनी त्यांचे हात धरले आणि त्याच हातांना धरून उठले.

"कोण घेते मामाजी माह्यं नाव?" ते म्हणाले. "घरी तवा वाजते. कारखान्यात मुकादम. तुमी जवाईबापू म्हंता. हा भाऊजी. माय होती तवर ती घे, वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर. ती गेली, तवापासून कोणी घेतलंच नाही." त्यांनी बंड्यांकडे हात केला. "एवढे लोक ओरडत होते, मले काही समजे ना. अन् एकदम नाव आलं. मले वाटलं मायनंच भाकर खायले हाक मारली. म्हणून खाली बसलो."

वडिलांनी सुटलेला फेटा काढला आणि भाऊजींच्या गुडघ्याला घट्ट बांधला. मग आम्ही दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून घरी नेलं. बंड्यांवरची माणसं वाटेत "होऽऽऽ" करत होती. भाऊजी हात वर करत होते.

ताई दारात उभी होती. बातमी आमच्याआधी पोचली होती, सगळी, नावासकट. तिनं आधी गुडघ्याकडे बघितलं, मग आमच्या डोक्यावरच्या कपाशीकडे, मग तोंडावर पदर घेऊन माझ्याकडे. डोळे हसत होते.

"घेतलं म्हंतात तू यायचं नाव?"

"घेतलं," मी म्हणालो.

"मोठ्यानं?"

"हाव."

ती आत गेली. आम्ही बाजेवर टेकलो. आतून काही वाजेल म्हणून भाऊजी सवयीनं कान देऊन बसले होते, तवा किंवा गडवा. बराच वेळ काहीच वाजलं नाही. मग ती दारापर्यंत आली, चौकटीला धरून उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघून तिचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. निघाला असेल तर मला ऐकू आला नाही.

भाऊजी मात्र उठले आणि जेवायला गेले.